वजाबाकीतून उरलेलं नत्र

पहिल्या हंगामाचे आकडे एक्सेलमध्ये भरून झाले आणि शेवटच्या रकान्यात उणे चिन्हांची रांग लागली. उणे ०.०४, उणे ०.०७, मध्येच एक अधिक ०.११, पुन्हा उणे ०.०२. एकक मिलिग्रॅम प्रति लिटर. ओढ्याच्या पाण्यात एखादी गोष्ट नसेलच, हे मी समजू शकत होते. पण नसण्यापेक्षाही कमी? सूत्र तपासलं, कंस तपासले, मग फाइल बंद केली आणि दोन दिवस सरांना टाळलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच गाठलं. रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "चला, आता कुठे तू डॉनवर काम करायला लागलीस."

डॉन म्हणजे डिझॉल्व्ह्ड ऑरगॅनिक नायट्रोजन, विरघळलेलं सेंद्रिय नत्र. (या नावावरचे सगळे विनोद प्रत्येक प्रयोगशाळेत करून झालेले असतात. नवा सुचला तरी आवरा.) पाणलोट क्षेत्रातल्या नत्रावर प्रबंध किंवा प्रकल्प घेतलेल्यांना हा शब्द पहिल्याच आठवड्यात भेटतो. त्याची खोड कळायला मला दीड वर्ष लागलं. ते दीड वर्ष थोडं आखूड व्हावं म्हणून हे लिहिते आहे.

खोड अशी की डॉन थेट मोजायची सोपी, रोजच्या कामाची पद्धत नाही. पाण्यातलं एकूण विरघळलेलं नत्र मोजायचं, त्यातून नायट्रेट, नायट्राइट आणि अमोनियम वजा करायचं, उरेल ते डॉन. म्हणजे मोजमापं दुसऱ्यांचीच, त्या प्रत्येकाची आपापली चूक, आणि सगळ्यांच्या चुका येऊन बसतात या उरलेल्या आकड्याच्या डोक्यावर.

एक हिशोब करून पाहा. समजा जंगलातल्या ओढ्यात एकूण नत्र ०.२० आलं, चूक अधिक-उणे ०.०१. नायट्रेट ०.०४ आणि अमोनियम ०.०१, प्रत्येकाची चूक ०.००५. डॉन आलं ०.१५, आणि चुकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर त्याची चूक ०.०१२. उत्तम. आता शेतीच्या पाणलोटातला ओढा घ्या. एकूण नत्र २.१०, चूक ०.०६. नायट्रेट १.९५, चूक ०.०५. अमोनियम ०.०३, चूक ०.०१. डॉन ०.१२, आणि त्याची चूक ०.०८! दोन्ही ओढ्यांत डॉन जवळपास तेवढंच आहे, मोजणारा माणूस तोच, यंत्र तेच. पण पहिल्या ओढ्याबद्दल तुम्ही काही बोलू शकता, दुसऱ्याबद्दल जवळपास काहीच नाही. नायट्रेटचा ढीग मोठा असला की त्याच्या मोजमापातली बारीकशी चूकही डॉनला झाकून टाकते.

म्हणून विषय पक्का करण्याआधी आपल्या ओढ्याचे दहा-बारा नमुने नुसते चाचणीसाठी घ्या. नत्रातलं बहुतेक नायट्रेटच निघालं तर जागा बदला, प्रश्न बदला, नाहीतर डायलिसिसच्या पटलातून आधी नायट्रेट कमी करून मग मोजण्याची वेळखाऊ पद्धत शिका. हे काम मी वर्षभर उशिरा केलं.

आणि उणे आकडे आले तर ते गुपचूप शून्य करू नका. मला तो मोह झाला होता. चूक दोन्ही बाजूंना झुकते. खालच्या बाजूची तेवढी कापून टाकली की सरासरी फुगते आणि तुमच्या पाणलोटात नसलेलं डॉन कागदावर वाहू लागतं. उणे आकडा तसाच ठेवायचा, शेजारी चूक लिहायची.

आता हे उरलेलं म्हणजे असतं तरी काय? नाव एक असलं तरी ते एका पदार्थाचं नाही, गाठोड्याचं आहे. त्यात युरिया असतो, सुटी आणि जोडलेली अमिनो आम्लं असतात, प्रथिनांचे तुकडे, पेशीभित्तिकांतल्या अमिनो शर्करा, न्यूक्लिक आम्लांचे अवशेष, आणि बराचसा भाग ह्युमसच्या, म्हणजे कुजून उरलेल्या काळ्या सेंद्रिय द्रव्याच्या, मोठ्या, गुंतागुंतीच्या रेणूंत अडकलेला. युरिया जिवाणूंच्या हाती लागला तर काही तासांत-दिवसांत संपतो. ह्युमसमधलं नत्र कित्येक महिने कुणी हात न लावता नदीबरोबर जातं. हे दोघं तुमच्या तक्त्यात एकाच रकान्यात बसतात, हे विसरलात की पुढचं सगळं विवेचन घसरतं. शेतात टाकलेला युरिया विघटन व्हायच्या आत पावसाने ओढ्यात आला तर हिशोबाने तोही डॉनच. 'सेंद्रिय' या शब्दाला भुलून डॉन म्हणजे जंगलातलं, निसर्गातलं आणि नायट्रेट म्हणजे माणसाचं, अशी वाटणी करू नका. मी माझ्या पहिल्या सादरीकरणात केली होती, मागच्या बाकावरून कुणीतरी फक्त "युरिया?" एवढंच विचारलं.

पाणलोटात डॉन कसं फिरतं ते डोळ्यासमोर आणायचं असेल तर पावसाच्या थेंबामागे उतारावरून खाली चला. पावसाच्या पाण्यात थोडं डॉन आधीच असतं. झाडांच्या शेंड्यातून ठिबकताना ते पानांवरची धूळ, परागकण, किड्यांची विष्ठा धुऊन घेतं, आणि जमिनीवर पडेपर्यंत त्यातलं डॉन वाढलेलं असतं. मग येतो पालापाचोळा आणि त्याखालचा काळा, कुजलेला थर. सगळ्यात जास्त डॉन सहसा या थरातून झिरपलेल्या पाण्यात सापडतं. त्याखाली खनिज माती सुरू होते आणि खेळ पालटतो. मातीतली लोहाची आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं, चिकणमातीचे कण हे सेंद्रिय रेणू धरून ठेवतात. जसजसं खोल जावं तसतसं डॉन कमी होत जातं. नायट्रेटला मात्र बहुतेक माती अडवत नाही. ते पाण्याबरोबर सरळ खाली उतरतं.

एवढं कळलं की ओढ्याचं वागणं उलगडतं. पाऊस नसताना ओढ्यात येणारं पाणी खोल भूजलातून, म्हणजे मातीने गाळून घेतलेलं येतं, आणि त्यात डॉन कमी असतं. जोराचा पाऊस झाला की भूजल वर चढतं, वरच्या सेंद्रिय थरातून आडवं वाहू लागतं, खालची गाळणी चुकवून थेट ओढ्याला मिळतं. ओढ्याकाठची पाणथळ जमीन तर अशा वेळी पिळलेल्या फडक्यासारखी वागते.

त्यामुळे दर सोमवारी सकाळी दहा वाजता नमुना घेण्याचं माझं शिस्तशीर वेळापत्रक जवळजवळ निरुपयोगी होतं. वर्षभरात जेवढं डॉन पाणलोटातून बाहेर जातं त्याचा मोठा हिस्सा काही मोजक्या पुरांत जातो, आणि पूर सोमवार बघून येत नाही. दुसऱ्या वर्षी चोवीस बाटल्यांचा ऑटोसॅम्पलर मिळाला. पाणी ठरावीक पातळीवर चढलं की तो आपोआप सुरू व्हायचा. पहिला मोठा पूर रात्री आला. पहाटे पोचले तेव्हा ओढा काळ्या चहाच्या रंगाचा झाला होता. हा रंग विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचा, आणि डॉन बहुधा त्याच्याच पाठीवर बसून येतं. खोकं उघडलं. एक ते आठ बाटल्या भरलेल्या, फिक्यापासून गडदपर्यंत ओळीने, बघत राहावं अशा. नऊ ते तेरा रिकाम्या. नळीच्या तोंडाला पालापाचोळ्याचा गोळा अडकला होता. चौदावीपासून पुन्हा पाणी, पण तोवर पूर उतरणीला लागलेला. पुराचा नेमका माथा माझ्याकडे नव्हता. त्यानंतर नळीच्या तोंडावर जाळीचा पिंजरा बसवला आणि मोसम संपेपर्यंत प्रत्येक पावसाआधी तो हाताने साफ केला.

पुराचे आकडे आले की सांद्रता आणि प्रवाह यांचा आलेख काढा, आणि बिंदू वेळेच्या क्रमाने जोडा. सरळ रेषा क्वचितच येते; येतो तो वळसा. पाण्याची पातळी तीच, पण चढताना डॉन वेगळं आणि उतरताना वेगळं. वळसा कोणत्या दिशेने फिरतो यावरून डॉन ओढ्याजवळून आलं की उतारावरच्या लांबच्या भागातून, याचा अंदाज बांधता येतो. माझ्या प्रबंधातलं मला आवडलेलं एकमेव प्रकरण या वळशांचं आहे. प्रवाह मोजायला मात्र नीट शिका. रसायनशास्त्रातून आलेले लोक (मी त्यांच्यातलीच) सांद्रतेच्या तिसऱ्या दशांशासाठी जीव टाकतात आणि प्रवाह कुणाच्या तरी जुन्या पट्टीवरून उचलतात. बाहेर गेलेलं नत्र म्हणजे सांद्रता गुणिले प्रवाह. प्रवाहात वीस टक्के चूक असेल तर तो तिसरा दशांश कुणाच्या कामाचा?

आता बाटल्यांबद्दल, कारण माझी सगळ्यात महागडी चूक बाटलीतच झाली. एका मोहिमेला बाटल्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या प्रयोगशाळेतून स्वच्छ धुतलेल्या पंचवीस आणल्या. निकाल आले तर नायट्रेट कुठच्या कुठे. मी जवळजवळ प्रदूषणाचा शोध लावला होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांनी बाटलीवरचं लेबल पाहिलं आणि विचारलं, "अगं, या धातूवाल्यांच्या ना? ते नायट्रिकने धुतात." धातू मोजणारे बाटल्या नायट्रिक आम्लात बुडवून ठेवतात, आणि त्यांच्यासाठी ते अगदी योग्य आहे. नत्र मोजणाऱ्याने मात्र सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरायचं आणि मग शुद्ध पाण्याने भरपूर खंगाळायचं. पंचवीस नमुने गेले. काकांना विचारल्याशिवाय मी पुन्हा कुणाची बाटली उचलली नाही.

फिल्टरचंही तसंच. 'विरघळलेलं' म्हणजे काय, हे निसर्ग ठरवत नाही, तुमचा फिल्टर ठरवतो. कुणी ०.४५ मायक्रोमीटरचा वापरतं, कुणी ०.७ चा काचतंतूंचा. यातून बारीक कलिल कण आणि काही लहान जिवाणूही पार होतात आणि 'विरघळलेल्या'त मोजले जातात. कोणताही घ्या, पण शेवटपर्यंत एकच ठेवा. नायलॉनच्या आणि नायट्रोसेल्युलोजच्या फिल्टरमध्ये मुळातच नत्र असतं, ते टाळा. काचतंतूंचे फिल्टर भट्टीत ४५० अंश सेल्सिअसला चार तास भाजून घेतले की त्यांच्यावरचं सेंद्रिय जळून जातं. गाळताना पहिले काही मिलिलिटर फेकून द्या. आणि सिरिंज दाबताना घाई नको. पाण्यात शेवाळाच्या पेशी असतील तर जोर लावल्यावर त्या फुटतात आणि त्यांच्या पोटातलं नत्र तुमच्या गाळलेल्या पाण्यात उतरतं.

नमुना त्याच दिवशी गाळा, थंड आणि अंधारात ठेवा. लगेच मोजायचा नसेल तर गोठवा, पण बाटली काठोकाठ भरू नका, फुटते. गडद रंगाचं पाणी वितळल्यावर त्यात कधी कधी तपकिरी पुंजके दिसतात. गोठताना बाहेर पडलेलं सेंद्रिय द्रव्यच असतं ते. असे नमुने वहीत वेगळे नोंदवा.

एकूण नत्र मोजण्याच्या दोन पद्धती बहुतेक ठिकाणी भेटतील. एकीत अल्कलीयुक्त परसल्फेट (सेंद्रिय द्रव्याचं, त्यातल्या कार्बनचंही, ऑक्सिडीकरण करणारं रसायन) घालून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या प्रेशर कुकरमध्ये, १२१ अंशांना शिजवायचं. सगळं नत्र नायट्रेट होतं आणि तेच मोजायचं. दुसरीत उत्प्रेरकावर साधारण ७२० अंशांना जाळायचं. नत्राचं नायट्रिक ऑक्साइड होतं, त्याला ओझोन भेटवला की जो प्रकाश निघतो तो मोजायचा. दुसरीत कार्बनही त्याच वेळी मिळतो, म्हणून ती लोकांना आवडते. पहिलीत परसल्फेटच्या भुकटीतच थोडं नत्र असतं, त्यामुळे कोरे नमुने, म्हणजे नुसत्या शुद्ध पाण्याचे, भरपूर लावा. दोन्हींत रचना माहीत असलेला पदार्थ घालून तो पूर्ण सापडतो का पाहा. युरिया आणि ग्लायसीन सोपे, ते सगळ्यांनाच सापडतात. मी कॅफीन घालते. त्याच्या रेणूत नत्राचे चार अणू वलयांत घट्ट बसलेले असतात. ते सुटले तर पद्धतीवर थोडा भरवसा ठेवता येतो.

आणि माझे उणे आकडे? त्यांचं कारण इतकं साधं निघालं की सांगायला लाज वाटते. एकूण नत्राचं प्रमाण द्रावण (ठाऊक सांद्रतेचं, ज्याच्याशी ताडून नमुने मोजतात ते) एका बरणीतल्या मिठापासून केलं होतं, नायट्रेटचं दुसऱ्या. दुसऱ्या बरणीत सोडियम नायट्रेट होतं. ते हवेतला ओलावा धरतं, आणि मी ते ओव्हनमध्ये न वाळवताच तोललं होतं. वजनात थोडं पाणी गेलं, द्रावण नावापेक्षा सुमारे चार टक्के पातळ झालं, आणि त्यामुळे प्रत्येक नमुन्यातलं नायट्रेट तेवढंच जास्त दिसलं. दोन मिलिग्रॅम नायट्रेट-नत्रावर चार टक्के म्हणजे ०.०८. माझं सगळं डॉन त्या ओलाव्यात बुडालं होतं. तेव्हापासून दोन्ही मोजमापांची द्रावणं मी एकाच वाळवलेल्या मिठाच्या एकाच मूळ द्रावणातून करते.

एककांचाही घोळ लवकर निस्तरून टाका. नायट्रेट कुणी 'नायट्रेट' म्हणून लिहितं, कुणी 'नत्र' म्हणून. दोहोंत ६२ भागिले १४, म्हणजे ४.४३ पटींचा फरक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं ५० मिलिग्रॅमचं मार्गदर्शक मूल्य नायट्रेट म्हणून आहे. नत्र म्हणून ते सुमारे ११.३ होतं. वजाबाकी नेहमी नत्रातच करायची.

वाचन कुठून सुरू करायचं, हे नवे लोक हमखास विचारतात. छोट्या पाणलोटाला एकक मानून आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या द्रव्यांचा ताळेबंद मांडण्याची पद्धत अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलात १९६३ पासून रुजली. तिथे एका पाणलोटातली सगळी झाडं १९६५ च्या अखेरीस तोडली, आणि ओढ्यातलं नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं. तो प्रयोग इतका गाजला की नत्राची गळती म्हणजे नायट्रेट, हे डोक्यात पक्कं बसलं. मग लार्स हेडिन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण चिलीतल्या जुन्या, प्रदूषण न पोचलेल्या जंगलांतले ओढे तपासले. स्टीव्हन पेराकिस आणि हेडिन यांच्या २००२ च्या निबंधात समशीतोष्ण दक्षिण अमेरिकेतली अशी शंभर जंगलं आहेत. तिथे नायट्रेट अगदी नगण्य होतं आणि बाहेर जाणाऱ्या नत्राचा बहुतांश भाग डॉनचा होता. आपण ज्याला जंगलाचं नेहमीचं वागणं समजत होतो त्यात धुराड्यांतून आणि खतांतून आलेल्या नत्राचा वाटा किती, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

मला स्वतःला त्यातून निघालेला पुढचा प्रश्न जास्त आवडतो. नत्राला भुकेलेलं जंगल नायट्रेटचा कण न कण उचलून घेतं. पण ह्युमसमध्ये अडकलेलं नत्र त्याला सहज खाता येत नाही, ते भूक असतानाही गळत राहतं. थेंब-थेंब का होईना, पण शतकानुशतकं. काही जंगलं कायम नत्राच्या तुटीत का राहतात, याचं एक उत्तर या गळतीत असू शकतं. याला दुसरी बाजू आहे. स्वीडनमधल्या उत्तरेकडच्या जंगलात समस्थानिकांनी खूण केलेलं ग्लायसीन (एक अमिनो आम्ल) वापरून १९९८ मध्ये दाखवलं गेलं की झाडं अमिनो आम्लं थेट उचलू शकतात. म्हणजे डॉनमधला एक भाग अन्न आहे आणि एक भाग गळती. कोणता किती, हे तुमच्या पाणलोटाचं तुम्हालाच शोधावं लागतं.

शोधायचं कसं? पहिला सोपा इशारा कार्बन आणि नत्राच्या गुणोत्तराचा. लाकूड-ह्युमसातून आलेल्या द्रव्यात नत्राच्या मानाने कार्बन खूप, शेवाळातून किंवा सांडपाण्यातून आलेल्यात कमी. फक्त लक्षात ठेवा, छेदात तेच वजाबाकीचं डॉन आहे. ते शून्याजवळ गेलं की गुणोत्तर आकाशाला भिडतं. दुसरा मार्ग बाटलीचा. गाळलेल्या पाण्यात ओढ्यातले जिवाणू घालायचे, अंधारात ठेवायचं, आणि चार आठवडे ठरावीक दिवशी किती डॉन उरलं ते मोजायचं. अंधारात जे टिकतं ते उन्हात टिकेलच असं नाही. सूर्यप्रकाश ह्युमसमधून अमोनियम सोडवतो. म्हणून उतारावर 'निष्क्रिय' ठरलेलं डॉन नदीमुखाशी शेवाळाचं खाद्य होऊ शकतं.

नोकरीबद्दल थोडक्यात. 'डॉनतज्ज्ञ' अशी जाहिरात मी अजून पाहिलेली नाही. पण पाणी शुद्धीकरणवाल्यांना हा विषय कळणारी माणसं लागतात, कारण क्लोरिन किंवा क्लोरामाइनशी काही सेंद्रिय नत्राची गाठ पडली की हॅलोअ‍ॅसिटोनायट्राइलसारखी किंवा एनडीएमएसारखी घातक उपउत्पादनं तयार होतात. नदी आणि खाडीच्या पोषकद्रव्यांचे नमुने चालवणाऱ्यांना, मृदाशास्त्रज्ञांना, पर्यावरण सल्लागारांना लागतात. मुलाखतीत माझ्या उपयोगी पडलं ते चुकांचं गणित, प्रवाहमापन आणि आर या संगणकीय भाषेत स्वतः लिहिलेले आज्ञासंच. डॉनबद्दल कुणी फारसं विचारलं नाही.

गेल्या महिन्यात एक नवी मुलगी लॅपटॉप घेऊन आली. शेवटचा रकाना, उणे चिन्हांची रांग. मी अनुभवी माणसाच्या थाटात विचारलं, "मीठ वाळवलं होतंस का?" वाळवलं होतं. बरणीही घट्ट बंद होती, मीच जाऊन पाहिली. मग तिने नमुन्याची बाटली उजेडात धरली. दलदलीतलं पाणी, कडक कॉफीसारखं. एवढा कार्बन म्हटल्यावर नत्रापर्यंत पोचायच्या आतच परसल्फेट संपलं असणार. पाचपट पातळ करून लावलेल्या नळ्या आत्ता ऑटोक्लेव्हमध्ये आहेत.